खारपाणपट्ट्यातला गॅस गिझर: हिवाळ्याआधीची तपासणी आणि सफाई

दिवाळी आटोपली की खारपाणपट्ट्यात, म्हणजे विदर्भातल्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागात, दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांत गॅस गिझरच्या तक्रारी सुरू होतात. होळीच्या सुमारास बंद केलेलं यंत्र भिंतीवर तसंच लटकलेलं असतं. उन्हाळ्यात आतले सेल पाझरतात, पावसाळ्यात कोळी जाळं विणतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतला तुसा झाकणाच्या फटींतून आत जाऊन बसतो. थंडीच्या पहिल्या सकाळी नळ उघडला की ठिणगीची नुसती टकटक ऐकू येते, नाहीतर पेटताना भप्पकन आवाज होतो. लोक म्हणतात, गिझर गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, त्याला अर्ध्या दिवसाची सफाई हवी असते.

यातली बरीचशी कामं हात वळणाऱ्या माणसाला घरी जमतात: बर्नर, तांब्याच्या पट्ट्या, पाण्याची जाळी, रबरी पडदा, आतला क्षार, सेल आणि गॅसची नळी. गॅस व्हॉल्व्ह, त्याला चिकटलेली विजेची कॉइल आणि जास्त तापल्यावर यंत्र बंद करणारा छोटा सेन्सर मात्र उघडायचे नाहीत. सेन्सरच्या दोन वायरी जोडून ‘डायरेक्ट’ करून देणारे कारागीर सापडतात. असा गिझर पाणी नसतानाही तापत राहू शकतो. तुमच्या गिझरला कुणी असं करून ठेवलं असेल तर तो वापरू नका.

आधी जागा बघा

पऱ्हाटी-तुराटीवर (कापूस-तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर) पेटणारा तांब्याचा बंब अजून कित्येक घरांत आहे. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून कुणी तो बंद खोलीत पेटवत नसे. गॅसचा धूर दिसत नाही आणि गोची तिथेच होते.

हिशोब करून बघा. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे १९२ घनफूट, साधारण साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर पूर्ण ताकदीवर तासाला जवळपास १ किलो गॅस जाळतो. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते, म्हणजे पाच मिनिटांत १ घनमीटर. दार-खिडकी लावून एकाने दहा मिनिटं अंघोळ केली की न्हाणीतल्या हवेचा तिसरा हिस्सा जाळात जातो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पायांतला जोर जाणं ही लक्षणं अंघोळ करणाऱ्याला थकव्यासारखी वाटतात. दार वाजवूनही आतून आवाज येत नाही, तेव्हा घरच्यांना शंका येते.

म्हणून गिझर न्हाणीच्या बाहेर हवा. पडवीत, मागच्या ओट्यावर, परसाकडच्या भिंतीवर, वर पत्र्याचा आडोसा करून. आत फक्त गरम पाण्याचा पाइप जावा. एक झरोका आहे म्हणून चालेल, असं मानू नका. थंडीत त्या झरोक्यात पोतं कोंबलेलं मी अनेक घरांत बघितलंय. तुमचा गिझर न्हाणीच्या आत असेल तर सफाईचे पैसे आधी पाइप वाढवण्यात घाला, पुढचं नंतर वाचा.

उघडण्याआधीची मोजणी

गिझर चालत असेल तर खोलण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा. १५ लिटरची बादली किती वेळात भरते आणि गार पाण्यापेक्षा गरम पाणी किती अंश जास्त आहे. साधा थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तापाचा वापरू नका. ६ लिटरच्या यंत्राने बादली अडीच ते तीन मिनिटांत भरावी. वेळ खूप लागत असेल आणि पाणी चटके देणारं असेल तर आत क्षार साचलाय किंवा जाळी तुंबलीय. बादली वेळेत भरते पण पाणी कोमटच, तर दोष बर्नरकडे किंवा गॅसच्या दाबाकडे आहे. ही एक मोजणी अर्धं निदान करून देते, आणि सफाईनंतर पुन्हा केली की फरक पडला की नाही तेही कळतं.

टाकीची उंचीही बघा. घराच्या स्लॅबवरच ठेवलेल्या टाकीचा तळ गिझरपेक्षा जेमतेम चार-पाच फूट वर असतो. एवढ्या दाबाने बऱ्याच मॉडेलांचा रबरी पडदा, जो उचलला गेला की ठिणगी सुरू होते, उचलला जात नाही आणि टकटकसुद्धा होत नाही. असा गिझर कितीही साफ केला तरी पेटणार नाही. टाकीखाली विटांचा चौथरा बांधून ती उंच करावी लागते.

बंद करणं

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि काढून टोपी लावा. नुसती गिझरची कळ फिरवणं पुरेसं नाही. पाण्याचा इनलेट कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या, गिझरच्या बुडाशी पाणी सोडायचा बोल्ट असेल तर तोही सैल करा. सेल काढा. सेलच्या डब्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसा, पत्र्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा. गिझर थंड झाला आहे ना, हे हात लावून बघा.

सामान फार नाही: स्क्रू ड्रायव्हर, दोन पाने (स्पॅनर), रंगकामाचा जुना ब्रश, दात घासायचा जुना ब्रश, सायकलचा पंप, भांड्यांचा साबण, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, किराणा दुकानातून २०० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड), वीतभर लांबीच्या दोन पारदर्शक नळ्या आणि एक नरसाळं. पाण्याच्या जोडांचे नवे वॉशर आधीच आणून ठेवा. जुने एकदा सुटले की परत नीट बसत नाहीत.

पुढची बटणं ओढली की निघतात, मग झाकणाचे स्क्रू. झाकण काढल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, वायरींचे जवळून दोन-तीन. मग टॉर्च मारून काही क्षण नुसतं बघा. तांब्यावर काजळी आहे का, एखादी वायर वितळलीय का, कुठे हिरवा ओघळ आहे का. खारपाणपट्ट्यात तांब्याच्या नळीवर हिरवा डाग म्हणजे बारीक छिद्रातून पाणी झिरपतंय, असं आधी गृहीत धरावं. छिद्र असलेल्या भट्टीची, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या डब्याची, सफाई करण्यात अर्थ नाही, ती बदलावी लागते.

बर्नर

खालच्या भागात पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांची रांग असते, तोच बर्नर. वरच्या फटींतून जाळ येतो. घाण मात्र खाली असते, जिथून गॅस आणि हवा एकत्र आत शिरतात. त्या तोंडासमोर पितळेचे बारीक जेट एका आडव्या नळीवर बसवलेले असतात. कोळ्याचं एक जाळं तिथे असलं की हवा कमी शिरते आणि निळा जाळ पिवळा होतो. माशीने मातीचा गोळा केला असेल तर ती पट्टी पेटतच नाही. शेजारच्या पट्टीवरून जाळ उशिरा पोचतो आणि भप्पकन आवाज येतो.

बऱ्याच मॉडेलांत जेटची नळी दोन-चार स्क्रूंवर पुढे निघते. तिच्या आणि गॅस व्हॉल्व्हच्या मधली रबरी रिंग हरवू देऊ नका. रिंग चपटी किंवा तडकलेली असेल तर त्याच मापाची नवी घेतल्याशिवाय काम पुढे नेऊ नका. नळी सरकवली की बर्नरची तोंडं मोकळी होतात. ओला न केलेला ब्रश प्रत्येक तोंडातून आत-बाहेर फिरवा, वरच्या फटी दातांच्या ब्रशने झाडा, मग पंपाने हवा मारा. बर्नर पूर्ण बाहेर येत असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. आमच्याकडच्या उन्हात तासाभरात काम होतं, पण पट्ट्यांच्या घड्यांत पाणी अडकतं, म्हणून उलटासुलटा करून वाळवा.

जेटमध्ये सुई, टाचणी, वायरचा तार काहीही घालायचं नाही. त्या छिद्रावर गॅसचं माप ठरलेलं असतं. पितळ मऊ, छिद्र जरा मोठं झालं की कायमचा जास्त गॅस आणि कायमचा पिवळा जाळ. जेट साबणाच्या पाण्यात भिजवा, उलट बाजूने हवा मारा, उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसतं का बघा.

बर्नरच्या वर दोन कांड्या दिसतील. एक ठिणगी पाडते, दुसरी जाळ लागलाय हे ओळखते. दुसऱ्या कांडीवर पांढरट थर बसला की गिझर पेटून चार-पाच सेकंदांत विझतो. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, वाकवू नका. तिची चिनीमातीची बैठक तडकली असेल तर नवी घ्या.

तांब्याची भट्टी, बाहेरून

बर्नरच्या वर तांब्याचा डबा आणि त्यात दाटीने बसवलेल्या पातळ पट्ट्या. जाळाची ऊब पाण्याला देण्याचं काम या पट्ट्या करतात. त्यांच्या फटी काजळीने बुजल्या की धूर वर जायला वाट राहत नाही आणि जाळ पुढच्या बाजूने बाहेर चाटू लागतो. झाकणाचा रंग आतून करपलेला असेल तर कारण हेच.

काजळी कोरडी झाडू नका, नाकातोंडात जाते. साबणाचं पाणी शिंपडून ब्रश पट्ट्यांच्या दिशेने उभा चालवा. आडवा चालवला की पट्ट्या वाकतात. धुण्यासाठी भट्टी उतरवणं चांगलं, नाहीतर काळं पाणी वायरींवर आणि नुकत्याच साफ केलेल्या बर्नरवर पडतं. एकदा धुतल्यावर पुन्हा वर्षभरात दाट काजळी आली तर सफाई कमी पडलेली नाही, हवा कमी पडतेय. परत जागा बघा.

पाण्याची बाजू

गार पाणी शिरतं त्या जोडात एक बारीक जाळी असते. नट सैल केला की हाताला लागते. तिच्यात टाकीतलं शेवाळ, वाळू, पाइपचे टेफलॉनचे तुकडे आणि बोअरच्या पाण्याचा लालसर गाळ सापडतो. ब्रशने धुवून परत बसवा. जाळी काढून टाकू नका. मग तोच गाळ रबरी पडद्यावर जाऊन बसतो.

पडदा पाण्याच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या डबीत, चार-पाच स्क्रूंखाली असतो. नळ उघडला की पाण्याच्या दाबाने तो फुगतो, पिन ढकलतो, पिन स्विच दाबते आणि टकटक सुरू होते. उन्हाळाभर पत्र्याखाली तापून रबर कडक होतं. बोटाने दुमडून बघा, भेगा दिसल्या तर बदला. पिनवर मेणासारखा क्षार असतो, तो पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. खोबरेल तेल किंवा मशीनचं तेल रबराला फुगवतं. स्क्रू आवळताना गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

आतला क्षार

खारं पाणी आणि जड पाणी यांत फरक आहे. पूर्णाकाठच्या विहिरी-बोअरच्या पाण्यातलं मीठ तांब्याला हळूहळू खातं, पण नळीत थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुनखडी नळीच्या आतल्या भिंतीला चिकटते. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग राहतात, तिथे हा थर दरवर्षी येणारच. गिझर चालताना आतून खदखदल्यासारखा किंवा खटखट आवाज येत असेल तर थर बराच जाड झालाय.

उपाय साधा आहे. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड अजिबात नको. ते डाख आणि पितळ खातं, त्याची वाफ फुप्फुसात जाते. द्रावण फक्त भट्टीच्या नळीत घालायचं, पडद्याच्या डबीतून नाही. म्हणून भट्टीची दोन्ही टोकं सोडवा, दोन्हींना पारदर्शक नळ्या लावा, दोन्ही नळ्यांची तोंडं भट्टीपेक्षा वर बांधा आणि एका नळीतून नरसाळ्याने हळूहळू ओता. चुनखडीवर अ‍ॅसिड पडलं की वायू सुटतो. घाईने ओतलं तर द्रावण उसळून तोंडावर येतं. चष्मा त्यासाठीच.

अर्धा तास थांबा, ओतून टाका, ताजं द्रावण भरा. बाहेर येणारं पाणी दुधाळ, गढूळ, कधी पापुद्र्यांसकट असतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत असं करायचं. सगळं मिळून दीड-दोन तास पुरतात. द्रावण निळसर-हिरवं दिसू लागलं की लगेच थांबा, आता ते थर सोडून तांबं खातंय. मग स्वच्छ पाणी, त्यानंतर १ लिटरमध्ये चमचाभर खायचा सोडा घातलेलं पाणी, आणि पुन्हा भरपूर स्वच्छ पाणी.

थर लवकर येऊ नये म्हणून दोन गोष्टी करता येतात. गिझर कमाल तापमानावर ठेवून त्यात गार पाणी मिसळण्याऐवजी अंघोळीपुरतंच, ४०-४२ अंशांचं पाणी काढा. ६० अंशांच्या पुढे थर झपाट्याने साचतो. आणि जमेल तेव्हा बोअरऐवजी नळाचं पाणी वापरा. शहानूर आणि वान धरणांवरच्या नळयोजनांचं गोडं पाणी गावात येत असेल तर गिझरची टाकी त्यावर जोडा, बोअरचं पाणी धुणीभांड्यांना ठेवा.

नळी, जोडणी, गळती

नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच लावा. तिच्यावर छापलेलं साल बघा. पाच वर्षं झाली की बदला, वरून चांगली दिसली तरी. नळी भिंतीत गाडू नका, तिला जोड देऊ नका, आणि शेगडी व गिझर एकाच सिलिंडरवर चालवण्यासाठी बाजारातली टी (तीन तोंडांचा जोड) लावू नका. १४.२ किलोचा सिलिंडर उभा, मोकळ्यात, गिझरच्या जाळापासून दूर ठेवा. गिझरच्या पाटीवर आयएसआय खूण आणि एलपीजी असं लिहिलेलं हवं. शहरातून जुना आणलेला, पाइपच्या नैसर्गिक वायूवरचा गिझर सिलिंडरवर जोडू नका, त्याचे जेट मोठे असतात.

सगळं फोटो बघून परत बसवा. आधी पाणी सुरू करून सगळे जोड कोरडे राहतात का बघा. मग रेग्युलेटर लावा, आणि गिझर न पेटवता प्रत्येक गॅस जोडावर साबणाचा दाट फेस ब्रशने लावा. सिलिंडरच्या तोंडापासून जेटच्या अलीकडच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे. मोठा होत जाणारा बुडबुडा म्हणजे गळती. काडी पेटवून गळती शोधू नका. त्यापुढचा जेटच्या नळीचा जोड गिझर पेटल्यावरच दाबाखाली येतो, म्हणून पहिल्यांदा पेटवल्यावर तिथे वास किंवा वेडावाकडा जाळ दिसतो का बघा. दिसला तर तत्काळ बंद. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं उघडी, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, आणि दूर मोकळ्यात जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, न्हाणीच्या मोरीत आणि खालच्या कोपऱ्यात साचून राहतो, म्हणून वास गेला तरी थोडं थांबा.

जाळ वाचणं

नवे सेल घालून संध्याकाळच्या अंधुक उजेडात पेटवा, रंग नीट कळतो. चेहरा झाकणापासून लांब ठेवा. सगळ्या पट्ट्यांवर एकदम, शांत, निळा जाळ यायला हवा. सुरुवातीला धुळीचे नारिंगी ठिपके उडतील, ते थांबतात. पिवळ्या लांब जिभा कायम राहिल्या तर बंद करा, बर्नरची तोंडं आणि जेट पुन्हा बघा. तरीही पिवळाच राहिला तर कंपनीचा माणूस बोलवा, तोवर वापर बंद.

टकटक होते पण पेटत नाही, तर सिलिंडर बदलल्यावर नळीत राहिलेली हवा निघेपर्यंत नळ दोन-तीन वेळा थांबून थांबून उघडा. टकटकच नाही, तर सेल, स्विच किंवा पाण्याचा दाब. वीस मिनिटांनी आपोआप विझतो, तर तो बिघाड नाही. बऱ्याच मॉडेलांत तशी सोय मुद्दाम असते, तिला छेडू नका.

सुरुवातीला लिहून ठेवलेली बादलीची मोजणी आता पुन्हा करा. अंघोळ संपताना आधी गॅसची कळ बंद करून अर्धा मिनिट पाणी वाहू द्यायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. तापलेल्या तांब्यात थांबलेलं पाणी सर्वांत जास्त थर सोडतं. अंघोळीला गेलेल्या कुणाला चक्कर आली तर आधी गॅस बंद, माणूस मोकळ्या हवेत, मग रुग्णवाहिकेसाठी १०८.

होळीनंतर बंद करताना सेल काढा, पाणी सोडून द्या, सिलिंडर वेगळा करा आणि सुती कापडाने गिझर खालून-वरून गुंडाळून बांधा, म्हणजे कोळी-माशी आत जात नाही. बांधताना दोरी सेलच्या डब्यावरूनच घ्या. कापड सोडल्याशिवाय सेल घालता येत नाहीत, आणि कापडासकट गिझर पेटवायची घाई कुणाच्या हातून होत नाही.